नानांनी अडवलेली बातमी

मेंदूज्वराचा रुग्ण आला की नाना डॉक्टर नाडी पाहण्याआधी त्याचा मोबाईल बंद करून नातेवाइकांच्या हातात देत. "हे पहिले घरी घेऊन जा. अन् रडायचं असन त पार्किंगमध्ये रडा." चौबे कॉलनीत आमच्या शेजारीच राहायचे. बाबांचे जुने मित्र, म्हणून मला नाना.

विषाणू मेंदूत शिरला की औषधाइतकीच शांतताही लागते, हे त्यांचं ठाम मत. "मेंदू घाबरला का रसायनं सोडते भाऊ. मंग अंगातले शिपाई बंदुका खाली ठेवतेत." नर्सना हे पाठ होतं, नानांनी तोंड उघडलं की त्याच वाक्य पुरं करायच्या.

मग मलाच मेंदूज्वर झाला. शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, "बाबा काहून नाही आले?"

"सर्दी झाली त्याले," नाना म्हणाले. "तुलेबी लागण करून देऊ काय?"

बायकोनं मान डोलावली. चुलतभाऊ भर मे महिन्यात कानटोपी घालून भेटायला आला. मी म्हटलं, "काय बे, टक्कल पडलं काय?" तो हसला. नानाही हसले.

बरा झाल्यावर घरी नेताना नानांनी गाडीत सांगितलं. बाबा हृदयविकारानं गेले होते. तेरवीही उरकली होती. टोपीखालचं ते मुंडण बाबांसाठी केलेलं होतं. अग्नी चुलतभावानं दिला होता, मी मुलगा असताना.

चारचौघांत मी म्हणायचो, नानांनी वाचवलं. पण त्यांच्या घरचा चहा पुन्हा कधी घेतला नाही. बायकोशीही वर्षभर धड बोललो नाही. आणि कुणाला न सांगितलेलं हे, की दवाखान्यात मी सुखात होतो. बाबांचे दिवस चालू होते आणि मला गाढ झोप लागत होती. ती झोप मला अजून छळते.

नाना कायमचे मुलीकडे पुण्याला निघाले, त्या सकाळी फाटकापाशी मी विचारलंच. "तेव्हा सांगितलं असतं, तर मेलो असतो काय मी?"

नानांनी पिशवीचे बंद आवळले.

"माहीत नाही रे. फरक पडते हे खरं. पण एकेका माणसाले किती, हे तेव्हाबी सांगता येत नव्हतं, आताबी नाही. सकाळी तुह्या बापाले पोचवून आलो, अन् समोर तू पडलेला. माही हिंमतच नाही झाली."

"म्हणजे घाबरले तुम्ही होते."

"हव," नाना म्हणाले आणि टॅक्सीत बसले.

मी टॅक्सीचं दार लावून दिलं. हात मात्र हलवला नाही.