समोरची गाडी येईपर्यंत

आधी त्या बाईंचं सांगते, मग माझा मूर्खपणा. आमच्या छोट्या स्टेशनाला लागून पूर्वीचं तिकीटघर आहे, त्यात त्या एकट्या राहतात. वय ऐंशीच्या पुढे. फलाटावरच्या कुंड्यांना त्याच पाणी घालतात, आणि माझ्यावर ओरडायचा हक्कही त्यांनी परस्पर घेऊन टाकलाय. त्या दिवशी त्या नसत्या, तर मी आज म्हाताऱ्या माणसांच्या केअर होमच्या किचनमध्ये नसते.

इंग्लंडात आल्यावर लीड्स शहरात दीड वर्ष काढलं, मग ह्यांना इथल्या हॉस्पिटलात पोर्टरची नोकरी लागली आणि आम्ही या मेंढ्यांच्या मुलखात आलो. इथे रूळ एकच. जाणारी गाडी त्यावरून, येणारीही त्यावरूनच. दोन डबे, दर दोन तासांनी. पुढच्या स्टेशनवर तेवढे दोन रूळ होतात. तिथे आमची गाडी बाजूला उभी राहते आणि समोरची येईपर्यंत हलत नाही. दहा मिनिटं, कधी वीस. बायका विणत बसतात, म्हातारे शब्दकोडी सोडवतात. घड्याळ बघून चरफडणारी मी एकटी. अरे, माणसांना कामं असतात की नाही?

तर त्या दिवशी माझी फूड हायजीनची परीक्षा होती, गावात, दहा वाजता. उशीर झाला तर आत घेणार नव्हते. माझी शाळा आठवीत सुटली. आई अंथरुणाला खिळलेली, धाकटी दोघं लहान. तेव्हापासून परीक्षेची धास्तीच बसलीय. पहिल्या वेळी घाबरून अर्धा पेपर कोराच दिला. होमच्या मॅनेजरबाई तशा चांगल्या, पण म्हणाल्या, "सॉरी, धिस इज द लास्ट टाइम. पास झाल्याचा कागद नसेल तर तुला किचनमध्ये ठेवता येणार नाही."

अर्धा तास आधीच फलाटावर पोचले. हाफ-टर्मची सुट्टी असल्यानं रोज माझ्याबरोबर चढणारी शाळेची पोरं नव्हती. बरंच झालं म्हटलं, शांतपणे वही वाचू. शेडमध्ये बसून पुटपुटत होते, कच्चं चिकन खालच्या शेल्फवर, शिजवलेलं वर. गाडी दिसली. उठले, पर्स खांद्याला लावली, दोन पावलं पुढे झाले. गाडी जरा हळू झाली आणि गेली. सरळ निघून गेली! ड्रायव्हरनं माझ्याकडे बघितलंसुद्धा.

ह्यांना फोन लावला.

"अहो, गाडी गेली!"

"गेली म्हणजे? तू कुठे होतीस?"

"फलाटावर!"

"मग चढली का नाहीस?"

"थांबली तर चढेन ना!"

"अगं, स्टेशनवर गाडी थांबतेच."

एवढं ज्ञान देऊन ह्यांचा फोन कट झाला. मी रडायलाच लागले. तेवढ्यात झारी घेऊन बाई बाहेर आल्या. इथे पोरीबाळींना सगळे 'लव्ह'च म्हणतात.

"लव्ह, हात का नाही केलास?"

"कुणाला?"

"गाडीला! रिक्वेस्ट स्टॉप आहे हा. हात केल्याशिवाय ती थांबत नाही. पाटीवर लिहिलंय."

आठ महिने मी त्याच पाटीला टेकून उभी राहत होते. आमच्याकडे हात एसटीला दाखवतात. आगगाडीला कोण दाखवतं? आणि रोज ती पोरं हात करायची, तेव्हा मला वाटायचं ड्रायव्हरला टाटा करतायत. किती गोड संस्कार, असं ह्यांना कौतुकानं सांगितलंही होतं!

परीक्षेचं सांगितल्यावर बाईंनी झारी खाली ठेवली. "रडू नकोस. ती पुढे उभी असेल. समोरची आल्याशिवाय कुठे जाणार? रूळ एकच आहे. चल."

त्यांच्या मोटारीत मागच्या सीटवर ओला कुत्रा, पुढे माझ्या पायांशी मातीची पोती. रस्ता एका गाडीपुरता. समोरून कुणी आलं की बाई थांबणार, बोट वर करून हॅलो करणार. मग गुरंमेंढ्या अडवायला रस्त्यावर घातलेलं फाटक आलं. मी उतरून उघडलं, मोटार पलीकडे गेल्यावर लावलं. मग मेंढ्या. वीस-पंचवीस मेंढ्या रस्त्याच्या मधोमध, आणि बाई हॉर्न वाजवायला तयार नाहीत. "बिचाऱ्या घाबरतात."

"मीही घाबरलेय!" मी ओरडलेच.

बाई हसल्या. "मग पास हो. मला एक दिवस तुमच्याच होममध्ये यायचंय. तिथलं सूप पाणचट असतं असं ऐकलंय."

वळणावरून स्टेशन दिसलं. गाडी उभी होती! ज्या थांबण्याला रोज शिव्या घातल्या, त्याच थांबण्यानं मला वाचवलं. गार्ड फलाटावर चहा पीत होता. बाईंनी काच खाली केली.

"हिला टाकून आलास, लाज नाही वाटत?"

"हात नव्हता केला तिनं. आम्हाला वाटलं, नुसतीच उन्हात उभी आहे."

"उन्हात? इथे? डोळे तपासून घे."

मी आत बसले आणि समोरची गाडी आली. डबाभर लोकांनी शांतपणे शब्दकोडी सोडवली. मी तेवढी देवाचे आभार मानत होते.

दहाला चार मिनिटं कमी असताना हॉलमध्ये पोचले. या वेळी एकही प्रश्न कोरा सोडला नाही. पास झाले. कागद बाईंना दाखवायला नेला, तर म्हणाल्या, "छान. आता हात करून दाखव." फलाटावर उभं करून तीनदा करायला लावला, गाडी नसताना.

बाई, तुम्हाला तिथे यायची वेळ न येवो. पण आलात, तर तुमचं जेवण रोज मीच करणार, आणि तुमच्या सूपमध्ये थेंबभरही जास्त पाणी पडणार नाही. हे ऋण मी तिथेच फेडीन.