कर्दळीच्या वाफ्याचा खटला

समस्त नागपूरकरांनो, काळजावर दगड ठेवून ऐका: आमच्या कॉलनीतला कर्दळीचा वाफा ठेवायचा की उखडायचा, याचा फैसला त्या रविवारी होणार होता.

सांडपाणी गिट्टीतून आणि कर्दळीच्या मुळांतून गाळून भर मे महिन्यात बाग जगवणारा हा वाफा मी हट्टानं करवून घेतला होता. शेजारच्या काकूंनी ‘गटाराचा विटाळ’ म्हणत अर्धी कॉलनी त्याविरुद्ध पेटवली होती.

काकू पूजा आटोपून प्रसादाचं तबक घेऊनच वाफ्याशेजारी भरलेल्या सभेला आल्या. तबकात लालभडक कर्दळ!

मी साळसूदपणे विचारलं, “काकू, फुलं कुठून तोडली?”

काकूंनी तबकाकडे पाहिलं, मग वाफ्याकडे. मग आपल्याच पक्षावर कडाडल्या, “देवानं घेतली नं? मंग तुमी काहून नाक धरून राहिले गा?”