गुरुजींच्या नावाचे सव्वीस फोन

ते प्रकरण आठवलं की एकटा बसलेलो असलो तरी मला हसू येतं. तेव्हा मी चाकूर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. एक निवृत्त शिक्षक अर्ज घेऊन आले.

त्यांच्या मुलीची सुपारी हदगावकडच्या घरात फुटली होती, म्हणजे लग्न पक्कं ठरलं होतं. नवरदेवाच्या वडिलांच्या सत्काराची बातमी एका वेबसाइटवर आली आणि तिच्याखाली गुरुजींच्या नावाने प्रतिक्रिया पडली, ‘हार सोताच आणला असंल.’ व्याह्यांनी निरोप धाडला, आता तारीख काढू नका.

“साहेब, हे मी लिहिलं न्हाई. लेकीचं लग्न मोडायलंय,” गुरुजी म्हणाले.

स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि त्या नावाच्या सगळ्या प्रतिक्रिया छापून मागवल्या. एका साइटवर क्रिकेटच्या कप्तानाला शिव्या, दुसरीवर एका नटीला वाढदिवसाच्या शुभेच्छा, तर पाककृतीच्या साइटवर चक्क म्हैस पान्हा सोडत नाही म्हणून उपाय विचारलेला. हा हॅकर भलताच कलंदर दिसतो, असं मला वाटलं.

खबर दिली ती ठाण्यासमोरच्या चहावाल्याने. तो गुरुजींच्याच गावचा. “साहेब, गुरुजीचं नाव तर माझ्याबी फोनवर येतंय. गावात समद्यांच्याच येतंय.”

गावातल्या मोबाइल दुकानदाराला चौकशीला बोलावलं. घाबरलेला माणूस आधी पाणी मागतो. याने तांब्या रिकामा केला आणि मग तोंड उघडलं.

“फोनवर ईमेलचं नवं खातं काढायला लई वेळ लागतो, साहेब. गुरुजीचा फोन पहिला आला, त्यांचं काढलं. तवापासून समद्यांना तेच टाकून देऊन राहिलो. त्याच लॉगिननं कोणत्याबी साइटवर जाता येतं.”

गैरहेतू नव्हता, निव्वळ आळस. मोजले तर सव्वीस फोन निघाले.

सव्वीसांतला एक कसा काढायचा? मी गुरुजींना विचारलं, “सुपारीला घरचं कोण नव्हतं?”

“मुलीचा मामा, गावातच ऱ्हातो. गडबडीत बोलवायचं राहिलं.”

मामाला बोलावलं, व्याह्यांनाही हदगावहून बोलावून समोर बसवलं. मामा फार वेळ टिकला नाही.

“पाव्हणं, राग तुमच्यावर नव्हता. भाचीची सुपारी फुटली अन् मला सांगावा न्हाई. माझ्या फोनवर लिवलं, दाजीचं नाव पडतंय हे मला काय ठावं?”

व्याही छापील कागद चाळू लागले. म्हशीपाशी त्यांना हसू आलं. मग त्यांच्याच सत्काराच्या बातमीखालच्या दुसऱ्या एका प्रतिक्रियेवर त्यांचं बोट थांबलं. ती माझ्याही नजरेतून सुटली होती. ‘यांच्या घरी माझी लेक जाणार हाय. मी निवांत झालो.’

“हे कुणी लिवलं?”

गुरुजींनी मान खाली घातली. “ते तेवढं माझं हाय.”

व्याह्यांनी डोळे पुसले. “तारीख काढायला या. मामाला संगं घेऊनच या,” ते म्हणाले.

गुन्हा दाखल करण्यासारखं काही नव्हतं. दुकानदाराला समज दिली आणि पंचवीस जणांची नवी खाती त्याच्याचकडून काढून घेतली. लग्नात मामानेच मुलीला बोहल्यावर आणलं.

नोकरीभर मी आधी बाहेरचा चोर शोधत आलो होतो. त्यानंतर मात्र घरगुती तक्रार आली, की कलमं बघायच्या आधी मी एवढंच विचारू लागलो, बोलवायचं कुणाला राहिलं?