मौन धरून मोह वेचाले गेलो

आता तुम्ही हसानच, पण सांगतो. आधी चहा पिऊन घ्या, नाईतं नाकातून येईन!

वडस्याले योगाच्या शिबिराले गेलो होतो मी. आसनं काही आपल्याले जमत नाई. वाकलो की पोट आडवं येते. पण शेवटच्या दिवशी गुरुजी म्हणले, "आसन म्हणजे नुसती एक पायरी. खरा योग पुढं आहे. मौन पाळा, मन आत वळवा, अहंकार सोडा."

म्हणलं, हे बेस! याच्यात वाकाचं कामच नाई!

घरी आलो अन् दुसऱ्या दिवशी उठल्याबरोबर मौन सुरू. बायकोले सांगाचं राहूनच गेलं. अन् मौन सुरू झाल्यावर सांगू कसा? शांताले वाटलं, मी रात्रीच्या भाजीवरून रुसलो.

तसेच गावातल्या लोकाईसंग जंगलात मोहफुलं वेचाले गेलो. आता आमच्या इकडं मोह वेचतानी जो तो आपापल्या झाडाखाली असते, पण घडीघडी "हूऽऽ" करून हाक द्याची अन् दुसऱ्यानं ओ द्याची. वाघाचा मुलूख हाये बाप्पा! ज्याची ओ आली नाई, त्याले पाहाले सारे धावते.

हे मले ठाऊक नव्हतं का? होतं ना! पण अंगात योग शिरला होता. टोपली अन् चपला झाडाखाली ठेवल्या अन् मोठ्या दगडामागं जाऊन डोळे मिटून बसलो.

"हूऽऽ!" शांताची हाक आली. मी चूप.

"अवो, ओ काऊन देत नाई जी?" मी चूप. म्हणलं, परीक्षा होऊन राह्यली आपली.

मंग तिले नुसती टोपली अन् चपला दिसल्या. तिनं जो हंबरडा फोडला! सारे काठ्या घेऊन, डबे वाजवत धावले. गस्तीवरचा फारेस्ट गार्ड बी आला.

"देवमाणूस होता वो बाई!" शांता छाती पिटून रडे. "कधी वरच्या आवाजात बोलला नाई!"

उठाले पाहिजे होतं मी. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपली तारीफ ऐकून राह्यलो होतो. म्हणलं, अजून थोडी होऊ द्या.

गार्डनं इचारलं, "बाई, वय किती होतं त्याईचं?"

"साठीच्या पुढं असन जी," शांता हुंदके देत म्हणे.

"पन्नास बी नाई झाले अजून!" दगडामागून मी वरडलो.

शांता पळत आली, मले चाचपून पाहिलं अन् गळ्यात पडून रडली. लय लाज वाटली मले. मंग तिनं डोळे पुसले अन् टोपली उचलून माह्या पाठीत हाणली.

"मी ऊर फोडून रडली तं बोलले नाई, अन् वय वाढवलं तं बोलले?"

लोकं हसून हसून लोळले. गार्ड म्हणे, "चला जवान, निंगा घरी!"

तेव्हापासून गावातले पोट्टे बी चिडवाले मले 'ओ जवान' म्हणते. अन् खरं सांगू? मले बरं वाटते!