देवाच्या खटल्यातलं माझं राहिलेलं भाषण

आमच्या तालीम मंडळानं एका वर्षी गणपतीत ऑर्केस्ट्रा रद्द करून चक्क देवावर खटला भरला. आरोप एकच : हा इसम अस्तित्वात नसताना, आहे असं भासवून लोकांची फसवणूक करतो. देवाचं वकीलपत्र माझ्या दोस्तानं घेतलं. तो तेव्हा वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होता. विरुद्ध बाजूनं उभं राहायला कुणी तयार होईना. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "भंगारवाल्याला उभा करा. घासाघिशीत त्येचा हात कोण धरतंय?"

भंगारवाला म्हणजे मी. नववी नापास होऊन मुरगूडहून आलो आणि उद्यमनगरातल्या फौंड्र्यांना भंगार पुरवून स्वतःच्या पायावर उभा राहिलो. लोक मला दर विचारायला यायचे, मत विचारायला कुणी येत नसे. देवाशी माझं काही भांडण नव्हतं. शिकलेल्यांच्या देखत एका शिकलेल्याला हरवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

न्यायाधीश म्हणून निवृत्त हेडमास्तर बसले, हातोड्याऐवजी खलबत्त्यातला बत्ता घेऊन. शिपायानं तीनदा पुकारा केला, "आरोपी देव हाजीर हो!" बायकांतून आवाज आला, "आरं, मागं बघ की. सकाळधरनं बसलाय न्हवं."

मी साक्षीला बोलावलं ते मूर्ती करणाऱ्या कुंभारमामांना.

"ही मूर्ती कुणी केली?"

"म्या केली की."

"म्हणजे तुम्ही केली नसती तर हा देव इथं नसता."

"नसता," मामा म्हणाले. मांडवात कुजबुज झाली.

दोस्त उलटतपासणीला उठला. "मामा, मूर्ती ठरवायला कोण आलं होतं?"

मामांनी माझ्याकडं बोट दाखवलं. "ह्येच की. दोन तास पाडून मागालते. माझं डोस्कं उठवलं."

"आणि सौदा झाल्यावर?"

"मूर्तीच्या पाया पडून गेले."

सगळा मांडव हसला. मी तडकून उठलो. "महाराज, मी रोज सकाळी माझ्या वजनकाट्याच्याही पाया पडतो. मग काटा देव झाला का?"

टाळ्या पडल्या. हेडमास्तरांनी मान डोलावून कागदावर काहीतरी लिहून घेतलं. वर्गाबाहेर काढणाऱ्या मास्तरांच्याच जातीचा एक माणूस माझं बोलणं लिहून घेत होता. ते दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे.

मग मी शेवटचं भाषण सुरू केलं. रोज भट्ट्यांच्या दारात उभा राहून आठ दिवस पाठ केलेलं. अर्ध्यावर आलो आणि घंटा वाजली. आरती. सगळे उठले, हेडमास्तरही उठले. झांजा सुरू झाल्या. तेवढ्यात दोस्ताचा आवाज आला, "कोर्टानं नोंद घ्यावी. फिर्यादीचे वकील टाळ्या वाजवत आहेत."

मी खाली बघितलं. माझे दोन्ही हात तालात चालले होते. आरती सुरू झाल्यावर आमच्या पेठेत हात बांधून कोण उभा राहतो? हेडमास्तरांनी तिथंच बत्ता आपटला. "पुरावा पोचला. देव आहे." मी मागून आणलेला काळा कोट खुर्चीवर फेकला आणि प्रसाद न घेता घरी गेलो.

सवय म्हणजे साक्ष नव्हे, हे मी त्यानंतर कितीतरी वर्षं भेटेल त्याला सांगितलं. शिवाय आरती रोज आठला व्हायची आणि त्या दिवशी साडेसातलाच घंटा वाजली, हेही. लोक म्हणायचे, सोड की आता. हेडमास्तर गेले, कुंभारमामा गेले, मांडवाच्या जागी आता पार्किंग आहे.

गेल्या महिन्यात दोस्ताच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. भेटायला गेलो, तर पडल्या पडल्या म्हणाला, "ती घंटा मीच लवकर वाजवायला सांगितलीती. तू जिंकालतास."

माझं टाळकं सरकलं. "हे तवा का न्हाई बोललास? वकील म्हणवतोस आणि लबाडीनं केस जिंकतोस?" सून धावत आली. तो तिला म्हणाला, "जा तू. आमचं जुनं हाय." मग माझ्याकडं वळला. "बोल. राहिलेलं भाषण आता बोल. घंटा न्हाई, काय न्हाई."

मी खुर्चीवरून उठलो. घसा खाकरला. सुरुवात आठवली, काट्याचं आठवलं, भट्टीच्या जाळाची झळ आठवली. त्याच्या पुढचं एक वाक्य येईना. इतकी वर्षं मी फक्त राग जपला होता, भाषण कधी उजळलंच नव्हतं.

तो वाट बघत होता. हसला नाही.

"तयारी न्हाई," मी म्हणालो.

"मग तारीख घे."

"रविवारी येतो," म्हणालो आणि चप्पल घातली.