इम्पालाच्या चाकाखालचा नारळ

हरिचंद्र भोपी बाजारात गेला की वाजवल्याशिवाय काही घ्यायचा नाही. कलिंगड वाजवणार, माठ वाजवणार, नारळ तर कानाशी धरून इतका वेळ हलवणार की दुकानदार विचारायचा, "काका, फोन आलाय काय?" त्याची पोरगी स्वप्नाली लहानपणी त्याचं बोट धरून बदलापूरच्या बाजारात जायची, ती लाजून अर्धी व्हायची. एकदा शाळेची कंपासपेटी घ्यायला गेले, तर या बाबाने पेटीलासुद्धा टिचकी मारली. आता पत्र्याच्या पेटीतून काय ऐकू येणार, सांगा!

पण त्याचा तरी काय इलाज? छत्तीस वर्षं अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत एक्झामिनर म्हणून काढलेली. दुसऱ्याने बनवलेला जॉब, म्हणजे सुटा भाग, हातात घ्यायचा, मापाच्या गेजला लावायचा. बसला तर पास. नाही बसला तर लाल रंगाची फुली. केसाएवढा फरक असला तरी फुलीच. साहेब मागे येऊन उभे राहायचे, "भोपी, महिना संपतोय, जाऊ दे ना." भोपी शांतपणे ब्रश उचलायचा. लोक पाठीमागे त्याला लालफुल्या म्हणायचे. त्याला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. आपण आयुष्यात एकही खोटा जॉब पास केला नाही, एवढीच त्याची इस्टेट.

साठ पूर्ण झाली, फॅक्टरीने शाल-श्रीफळ दिलं आणि माणूस घरी आला. घर बदलापूर-बारवी रस्त्याला, गावात. शेती कधीच विकलेली. करायचं काय? भाच्याने मोबाइलवर व्हिडिओ बघायला शिकवलं आणि तिथून हे खूळ शिरलं. अमेरिकेतले म्हातारे जुन्या गाड्या गंजातून उपसून काढतात, पुसतात, रंगवतात, शेवटी चावी फिरवतात. इंग्रजी याला अर्धंच कळायचं, पण लोखंडाची भाषा पूर्ण कळायची. चार महिन्यांत शेवरोले इम्पालाची कुठल्या सालची टेललाइट कशी, हे तो झोपेतही सांगू लागला. त्यात चौसष्ट सालचं मॉडेल म्हणजे त्याचा जीव की प्राण.

आणि मग स्वप्नालीचं लग्न ठरलं. मुलगा समर्थ, वांगणीचा, घरचं बरं. हरिचंद्र जेवता जेवता म्हणाला, "पोरीची पाठवणी इम्पालातनं करनार."

चिमी, त्याची बायको, भाकरी थापायची थांबली. "अवं, तुमचा डोका फिरलाय काय? उभ्या जन्मात स्कूटर घेतली नाय, आनि एकदम इम्पाला?"

"तुला कशात आनली होती मी?"

चिमीने पुन्हा भाकरी थापायला घेतली. तिला विटांच्या ट्रकच्या केबिनमध्ये बसवून आणली होती. माहेरच्या वीटभट्टीवरचाच ट्रक. पिवळ्या शालूला मागून लाल भुकटी लागली ती कधी निघालीच नाही. सासूने पहिल्याच दिवशी तो शालू उलटापालटा करून सगळ्या आळीला दाखवला होता. हरिचंद्रने तेव्हा तोंड उघडलं नाही, पण ते त्याच्या मनात रुतून बसलं ते बसलंच. स्वप्नालीने शहाणपणा करून "पप्पा, एर्टिगा बस झाली" म्हणून बघितलं. पण फोटो दाखवल्यावर तीही हरखली, आणि समर्थने तर आपल्या सगळ्या मित्रांना पाठवून दिला.

गाडी सापडली उल्हासनगरला, वालधुनी नदीच्या काठी, हासाराम शेठच्या पत्र्याच्या शेडमध्ये. ताडपत्री ओढली आणि हरिचंद्र गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आला. चौसष्ट सालची, चार दरवाजांची, फिकट आकाशी. मागे तीन-तीन गोल दिवे. पुढची सीट घरातल्या दिवाणाएवढी लांब.

"मेरे बाप की निशानी है, साईं," हासाराम म्हणाला. "मैं झूठ नहीं बोलता. छब्बीस जुलाई के पानी में थी, बाद में भी एक बार पानी आया. इंजन खोल के साफ किया है. बाकी आप ठोक-बजा के लो."

असं कोणी सांगावं आणि हरिचंद्रने ऐकू नये? पिशवीतनं छोटी हातोडी काढली, पोतं अंथरलं आणि गडी गाडीखाली शिरला. या मॉडेलची चेसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, डमरूसारखी असते, पुढे-मागे रुंद आणि मध्ये चिंचोळी. सगळी गाडी त्या कमरेवर तोललेली. पुढून ठोकत आला. ठण्. ठण्. ठण्. कमरेपाशी आला आणि आवाज आला, थप्.

हात थांबला. परत ठोकलं. थप्. वरून काळं डांबर ताजं फासलेलं, त्याचा वास येत होता. बोटाने दाबलं तर नखाएवढा गंजाचा पापुद्रा निघून आला.

फॅक्टरीत असता तर एवढ्यावर ब्रश उचलला असता. त्याला कळलं नव्हतं असं नाही हो, लख्ख कळलं होतं. तो तसाच पोत्यावर उताणा पडून राहिला. डोळ्यांसमोर पोरगी दिसत होती, त्या लांब सीटवर हिरवा चुडा भरून बसलेली. तो स्वतःला म्हणाला, डांबर जाड आहे, म्हणून आवाज बसतोय. छत्तीस वर्षं लोक त्याला हेच सांगत आले होते, तेल लागलंय म्हणून बसत नाही, गरम आहे म्हणून बसत नाही. त्याने कोणाचं ऐकलं नव्हतं. त्या दिवशी स्वतःचं ऐकलं.

"क्या हुआ, साईं?" शेडमधून आवाज आला.

"कुछ नहीं," म्हणत तो अंग झटकत बाहेर आला. "चांगली आहे."

झालं! ग्रॅच्युइटीचा मोठा घास गेला आणि गाडी टो होऊन अंबरनाथच्या एमआयडीसीत सुजितच्या गॅरेजला लागली. सुजित तरुण, पण हात सोन्यासारखा. ब्रेक, वायरिंग, कार्बोरेटर, एकेक करत त्याने गाडी बोलती केली. एके दिवशी म्हणाला, "काका, बॉडी उचलून चेसी बघू या का? मला मध्ये जरा डाउट वाटतो. दोन महिने जातील फक्त."

लग्न पाच आठवड्यांवर आलेलं.

"लग्नानंतर बघू," हरिचंद्र म्हणाला. सुजितने खांदे उडवले. गिऱ्हाइकापुढे कोण बोलणार?

लग्न झोकात झालं. हळदीला अख्खं गाव नाचलं, बेंजोवाल्यांना घाम फुटला. दुपारचं लग्न लागलं, जेवणं उठली आणि पाच वाजता सुजितने इम्पाला मांडवासमोर आणून उभी केली. लोक वरमाय-वरबापाला सोडून गाडीकडे धावले. म्हातारे दिव्यांवरून हात फिरवत होते, पोरं मोबाइल काढून फोटो घेत होती. समर्थचे वडील, बाळाजी, वांगणीचे वजनदार गृहस्थ, मिशीवर ताव देऊन पाहुण्यांना सांगत होते, "व्याह्यांनी सुनेसाठी आणलीय, अमेरिकेची!" आणि चिमी, जिने चार महिने नवऱ्याचं डोकं खाल्लं होतं, ती दाराला टेकून डोळ्याला पदर लावून म्हणाली, "चांगला केला हो तुमी." हरिचंद्रला वाटलं, बस्स, आता मेलो तरी चालेल.

नवरा-नवरी मागच्या सीटवर बसले. आपल्याकडे रीत अशी, की पाठवणीच्या गाडीच्या चाकाखाली नारळ ठेवायचा. चाक त्यावरून गेलं की पोरगी सासरची झाली. मग गाडी थांबवायची नाही, मागे घ्यायची नाही, आणि बसलेल्या जोडीला उतरवणं तर कोणाच्या स्वप्नातही येत नाही.

नारळ हरिचंद्रनेच निवडला होता. दहा-बारा वाजवून बघितले, त्यातला सगळ्यात भरलेला, टणक. पुढच्या डाव्या चाकाखाली स्वतः वाकून ठेवला आणि बाजूला झाला.

सुजितने गियर टाकला. चाक नारळाला लागलं. दुसरा एखादा असता तर फटकन फुटला असता, हा फुटेना. चाक वर चढलं, गाडीचा एक कोपरा उचलला गेला, आणि हरिचंद्रला गाडीच्या पोटातून ओळखीचा आवाज आला. थप्. त्यामागोमाग कर्रर्र असं काहीतरी. बेंजोच्या दणदणाटात तो बाकी कोणालाही ऐकू गेला नाही. मागच्या दरवाजाची फट त्याच्या डोळ्यांदेखत करंगळीएवढी उघडली. त्या फटीतून स्वप्नालीच्या शालूचा काठ दिसला. मग नारळ फुटला, गाडी खाली बसली आणि फट मिटली.

"थांबव!" तो ओरडला. "उतरा! दोघं पन उतरा!"

बेंजो थांबला. सगळे बघत राहिले. त्याने धावत जाऊन दार उघडलं, पोरीचा दंड धरला आणि अक्षरशः ओढून बाहेर काढली. समर्थ भांबावून दुसऱ्या दाराने उतरला.

"भोपी, हे काय चाललंय?" बाळाजींचा चेहरा लालबुंद झाला होता.

"गाडी खराब हाय."

"खराब? आत्ता तर चालली की सगळ्यांच्या देखत!"

"मध्येच तुटंल. वांगणीपातूर जानार नाय."

"मग आणली कशाला?"

बरोबर विचारलं होतं बिचाऱ्याने. हरिचंद्रने गाडीचं उघडं दार लावून घेतलं. काय सांगणार? मला ठाऊक होतं, ठाऊक असून माझी पोरगी आत बसवली, हे मांडवात उभं राहून सांगणार? सुजित खालमानेने स्टेअरिंगवरच बसून होता. पाहुण्यांत कोणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याला गाडी द्यायची नसेल. दुसरं म्हणालं, प्यायलेला दिसतोय. हरिचंद्र, ज्याने आयुष्यात थेंब घेतला नाही, तो ऐकत उभा राहिला.

शेवटी कोणाच्या तरी एर्टिगात जोडी बसली. त्या चाकाखाली ठेवायला दुसरा नारळ कोणी आणला नाही. "माझ्या पोराला चढवून उतरवला," एवढंच बाळाजी म्हणाले. स्वप्नालीने मागे वळून पाहिलं नाही.

पुढे काय व्हायचं ते झालं. सासऱ्यांचा पाय न्हाणीघरात घसरला, बोल सुनेला. समर्थची कंपनी बंद पडली, बोल सुनेला. वांगणीत तिचं नाव पडलं, उतरलेली नवरी. पहिल्या दिवाळीला लेक-जावई आले नाहीत. चिमीने केलेल्या करंज्या डब्यात मऊ पडल्या. ती नवऱ्याला एका शब्दाने बोलली नाही, तेच त्याला सहन होत नव्हतं. स्वप्नालीचा फोन यायचा तो आईला. "पप्पा कसे आहेत" म्हणून विचारायची, पण फोन त्यांना दे असं म्हणायची नाही.

गाडी अंगणात तशीच उभी. कोंबड्या तिच्याखाली अंडी घालायच्या.

दिवाळीनंतर हरिचंद्रने तिला भंगारात काढायचं ठरवलं. उल्हासनगरहून क्रेन आली. त्याने क्रेनवाल्याला सांगून पट्टा मुद्दाम एकच, मधोमध घालायला लावला, आणि चिमीच्या हातात तिचा मोबाइल दिला. "शूटिंग कर. पोरीला पाठवू. तिच्या सासऱ्याला पन दाखवील."

त्याला किती आशा होती म्हणून सांगू! सकाळपासून दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता.

क्रेनने उचलली. जमिनीपासून हातभर वर गेली असेल नसेल, डमरूची कंबर मोडली. गाडी मधोमध दुमडली, पुढचा भाग खाली आला, मागचा लोंबकळत राहिला. तुटलेल्या जागी लोखंड नव्हतंच, तांबड्या भुकटीचा ढीग अंगणात पडला. चिमीने मोबाइल शेवटपर्यंत धरून ठेवला, शूटिंग झालं.

"बघितलास?" हरिचंद्र म्हणाला. "मी काय बोललो व्हतो?"

व्हिडिओ गेला. पाच मिनिटांत फोन वाजला, आणि सात-आठ महिन्यांत पहिल्यांदा तो हरिचंद्रच्या मोबाइलवर वाजला. त्याने घाईघाईने उचलला. "बाळा, बघितलास ना? खोटं नव्हतो बोललो. त्यांना पन दाखव."

"बघितलं, पप्पा." तिचा आवाज हळू होता, कोणी ऐकू नये असा. "पप्पा, घेताना तुम्ही ठोकून बघितली नव्हती?"

हरिचंद्रने अंगणातल्या तांबड्या ढिगाकडे पाहिलं. चिमी त्याच्याकडे बघत होती, फोनचा आवाज मोठा होता, तिला सगळं ऐकू येत होतं. डांबर जाड होतं म्हणून, असं सांगता आलं असतं. पोरीने कदाचित मानलंही असतं.

"बघितली होती," तो म्हणाला.

पलीकडून कुकरची एक शिट्टी ऐकू आली, कोणीतरी बाई तिला हाक मारत होती. फोन बंद झाला.

चिमीने आपला मोबाइल ओट्यावर ठेवला, केरसुणी घेतली आणि अंगणातली भुकटी गोळा करायला लागली. क्रेनवाला विचारत होता, "काका, दोन्ही तुकडे एकाच फेरीत नेऊ की दोन फेऱ्या मारू?" त्याने तीनदा विचारलं.