जाड तारेतली माशी

पाणीपुरवठा खात्यात त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. साहेबांपासून खड्डे खणणाऱ्यांपर्यंत सगळे त्यांना कानसेन म्हणतात, आणि उगाच नाही म्हणत. एकतीस वर्षं या माणसाने जमिनीखालचं पाणी कानाने शोधलं. हातात एक लोखंडी कांब, तिच्या वरच्या टोकाला कानाशी धरायची लाकडी वाटी. खात्यातले लोक तिला कानकाठी म्हणतात. रस्त्यावर वाहनं सुरू व्हायच्या आत कांब डांबरावर टेकवायची, वाटी कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि खाली फुटलेला पाइप कुठे फुसफुसतोय ते ऐकायचं. मग खिशातला निळा खडू काढून रस्त्यावर फुली मारायची. फुली मारली की खणायचं आणि खणलं की पाणी लागायचं. लागायचंच.

आणि मग एका सकाळी फुलीखाली कोरडी माती लागली.

कमरेइतकं खणलं, छातीइतकं खणलं, माती कोरडी ठणठणीत. गळती सापडली ती अकरा पावलं पलीकडे, आणि शोधली कुणी, तर नव्या इंजिनिअरबाईंनी, डोक्याला हेडफोन लावून आणि हातात गळती ऐकणाऱ्या यंत्राचा डबा धरून. बाई सज्जन. "होतं असं काका, इथली माती भुसभुशीत आहे," एवढंच म्हणाल्या. चार शब्द सुनावले असते तरी कानसेनांनी ऐकून घेतले असते, पण ही समजूत काढणं त्यांना फार झोंबलं. त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात एकच किडा वळवळायला लागला: माती भुसभुशीत की आपला कान? निवृत्तीला दीड वर्ष होतं. आता कानाच्या डॉक्टरकडे जाऊन यावं की नाही? सरळ, सोपं काम. पण सरळ काम करील तो माणूस कसला! झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत कानसेन गप्प बसले.

या सगळ्यात गिटार कुठून आली, तर भिंतीतून आली. एका वाद्यांच्या दुकानाची मागची भिंत ओल धरत होती. कानसेनांनी भिंतीला कानकाठी लावली आणि पाण्याच्या जागी त्यांना भलतंच काही ऐकू आलं. गोल, भरदार, घोगरा सूर. कानात शिरला आणि थेट पोटात जाऊन बसला. पलीकडे दुकानदार एक गिटार जुळवत होता. गिटार म्हणजे पोरांनी गळ्यात अडकवून केस उडवायचं वाद्य, अशी कानसेनांची पक्की समजूत. ही मात्र निराळीच निघाली. आतून पूर्ण पोकळ, वरची फळी कोरून फुगीर केलेली, व्हायोलिनला असतात तशा दोन बाजूंना दोन वळणदार भोकं, रंग चहाच्या अर्कासारखा. "हॉलो-बॉडी आर्चटॉप," दुकानदार म्हणाला. "जॅझवाले वाजवतात. विजेला जोडली नाही तरी बोलते. पोट पोकळ आहे ना."

कानसेनांनी तिथल्या तिथे मनाशी हिशेब मांडला. जो माणूस सत्तावन्नाव्या वर्षी असं वाद्य शिकेल, त्याच्या कानाला नाव ठेवायची कुणाची छाती आहे? म्हणजे गिटार वाजली की कान शाबूत, आणि कान शाबूत असला की माती भुसभुशीत. किती सोपं! पुढचे चौदा शनिवार ते दुकानात जाऊन नुसतं ऐकत बसले. पंधराव्या आठवड्यात त्यांनी बायकोसमोर विषय काढला. बायको घरीच शिवणकाम करायची. विरोध होणार हे धरून कानसेनांनी तीन मुद्दे पाठ केले होते. पहिल्या मुद्द्याला तोंड फुटतंय तोच ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "घ्या की."

उरलेले दोन मुद्दे तसेच वाया गेले. बायको इतक्या चटकन हो म्हणते तेव्हा कुठेतरी पाणी मुरत असतं, हे त्यांच्यासारख्या माणसाला तरी कळायला हवं होतं. पण आनंदात माणसाचं डोकं चालत नाही.

गिटार घेतानाचा प्रकार त्या दुकानात अजून सांगतात. लोक तारा छेडून बघतात, मान सरळ आहे का बघतात. कानसेनांनी पिशवीतून कानकाठी काढली. दुकानदार "अहो, अहो!" करेपर्यंत त्यांनी कांबेच्या टोकाला रुमाल गुंडाळून ती गिटारच्या पोटावर टेकवली आणि वाटी कानाला लावली. हाडाहाडावर तपासून झाल्यावर निकाल दिला, "कुठेही गळती नाही."

"आभारी आहे," दुकानदार घाम पुसत म्हणाला. "आठ दिवस घरी ठेवा. नाही पटली तर परत आणा. नवव्या दिवशी मात्र मी ओळख देणार नाही."

घरी गिटार पलंगावर ठेवली तेव्हा पहिल्या भेटीला आल्या सासूबाई. त्या लेकीकडेच राहायच्या. वय ऐंशीच्या पुढे, कानात यंत्र, आणि त्या यंत्राचा सेल बदलणं हा त्यांचा आवडता उद्योग. त्या दिवशीही तो उद्योग हातात घेऊनच त्या आल्या, गिटारवर ओणवल्या आणि भोकातून आत डोकावल्या. "एवढी मोठी पेटी आणि आत काहीच नाही?" म्हणाल्या. त्यांचा समज असा झाला की जावईबापूंना दुकानदाराने फसवलं. मग त्यांचा नवा सेल कुठे हरवला म्हणून अर्धा तास पलंगाखाली झाडू फिरला, पण सेल काही मिळाला नाही. शेवटी दुसरा घालून त्या ऐकायला बसल्या.

कानसेनांनी गिटार मांडीवर घेतली आणि सगळ्यात जाड तार मोकळी सोडली.

"अगंबाई, माशी शिरली वाटतं त्यात," बायको म्हणाली.

"कसली माशी?"

"जाड तार वाजली की झर्र करतंय काहीतरी."

कानसेनांनी पुन्हा तार छेडली. त्यांना सूर ऐकू आला, दुकानातला तोच घोगरा, पोटात बसणारा सूर. माशी नाही, झर्र नाही, काही नाही.

"माशी कसली, चांगला भुंगा आहे!" सासूबाई म्हणाल्या.

कानसेनांना हसूच आलं. "आई, तुमचं यंत्र गुणगुणतंय. काढून बघा."

सासूबाईंनी यंत्र काढलं. कानसेनांनी तार वाजवली. "आता?"

सासूबाई शांतपणे त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग यंत्र परत लावून म्हणाल्या, "जावईबापू, ते काढलं की मला तुम्हीसुद्धा ऐकू येत नाही."

विचार करा. ज्याच्या कानावर खातं चाललं त्या माणसाला ऐकू येत नाही, आणि ऐंशीच्या सासूला येतं! कानसेनांच्या कपाळावर घाम आला. पण हार मानणं रक्तात नव्हतं. त्यांनी जाहीर केलं की आवाज गिटारमध्ये नाहीच. दुकानात नव्हता, तो इथे कुठून येईल? गिटार घुमली की घरातलीच एखादी वस्तू थरथरत असणार. ती शोधायची.

पुढचे चार दिवस त्या घरात जे चाललं त्याला शोधकाम म्हणायचं की धाड, हे मला सांगता यायचं नाही. कपाटाच्या काचांना कागदाचे तुकडे लागले. डब्यांची झाकणं निघाली. खिडकीच्या कड्या दोऱ्याने बांधल्या. कानसेन कामावरून येत, तार छेडत आणि कानकाठी घेऊन घरभर फिरत. संशय आला की निळ्या खडूची फुली. कपाटावर फुली, दारावर फुली, शिलाई मशीनवर दोन, सासूबाईंच्या ट्रंकेवर एक.

"घर खणणार आहात का?" बायकोने विचारलं.

"तू फक्त आहे की नाही ते सांग."

कारण गोची अशी होती की आवाज शोधणाऱ्यालाच आवाज ऐकू येत नव्हता. आता हे कुणाला सांगणार? मग ते "खात्री करून घेतो" असं म्हणत आणि बायकोला विचारत. तार छेडायची, "आता?" ती म्हणे, "आहे." एक खिडकी बांधायची, "आता?" "आहे." काखेत कळसा आणि घरभर वळसा!

पाचव्या दिवशी संध्याकाळी त्यांनी भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, तार छेडली आणि विचारलं, "आता?"

बायको हातातलं शिवण तसंच धरून त्यांच्याकडे बघत राहिली. जरा जास्तच वेळ. मग म्हणाली, "गेला."

"नक्की?"

"गेला म्हणते ना. झालं तुमचं काम."

कानसेनांनी जग जिंकल्यासारखी पुन्हा तार छेडली. आणि त्याच क्षणी खुर्चीत पेंगणाऱ्या सासूबाईंनी, डोळे न उघडता, कानाशी माशी हाकलावी तसा हात हलवला.

कानसेनांनी ते बघितलं. सूर विरला तरी त्यांचा हात तारेवर तसाच राहिला. आधी त्यांना बायकोचा राग आला, खोटं बोलली म्हणून. मग ती खोटं का बोलली ते कळलं, आणि तेव्हा मात्र ते घाबरले. अगदी मनापासून घाबरले. घड्याळ परत टांगलं, खिडक्या सोडल्या, ओल्या फडक्याने एकेक फुली पुसली. बायकोने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

आठव्या दिवशी शनिवार होता. जेवण झाल्यावर ते म्हणाले, "परत देऊन येतो ती. हात वळत नाही माझा."

कानसेनांनी खोलीत जाऊन गिटार ठेवायची पेटी उघडली. आणि गिटार तीत ठेवता ठेवता त्यांचा एकतीस वर्षांचा स्वभाव आडवा आला. गळती सापडल्याशिवाय या माणसाने काम कधी बंद केलेलं नाही. कान नसला तर नसला. त्यांनी गिटार पलंगावर आडवी ठेवली, कानकाठीचं रुमालाचं टोक तिच्या पोटावर टेकवलं आणि वरची लाकडी वाटी, दुसरं काही सुचलं नाही म्हणून, दातांत धरली. एका हाताने जाड तार छेडली.

दाढा झिणझिणल्या! झर्र, अगदी स्पष्ट, जबड्यातून कवटीपर्यंत. त्यांनी टोक बोटभर सरकवलं, जास्त झालं. आणखी सरकवलं, कमी झालं. परत मागे. गडी पुन्हा रस्त्यावरच्या कामाला लागला होता. गुडघ्यांवर ओणवा, तोंडात काठी, डोळे मिटलेले. खालच्या भोकापासून चार बोटांवर टोक थांबलं, आणि त्यांनी सवयीने खडू काढून त्या चहाच्या रंगाच्या फुगीर लाकडावर निळी फुली मारली.

दारात सासूबाई उभ्या होत्या. "अगं ए," त्यांनी लेकीला हाक मारली, "जावईबापू पेटी खातायत बघ!"

बायको धावत आली. कानसेनांनी गिटार उचलून पालथी केली, हलवली, तिरकी केली, पुन्हा हलवली. भोकातून काहीतरी टपकन चादरीवर पडलं. शर्टाच्या लहान बटणाएवढा, चकचकीत, चपटा सेल.

"अगंबाई, माझा सेल!" सासूबाई म्हणाल्या.

कानसेनांनी गिटार पलंगावर ठेवली. गळती सापडली होती, आणि मूठही उघडली होती. आता झाकायचं काय? "मला ऐकू येत नाही गं," ते बायकोला म्हणाले. "ही माशी मला एकदाही ऐकू आली नाही. ती फुली चुकली, ती मातीमुळे नाही."

"माहितेय मला."

"कधीपासून?"

"दाराची बेल वाजली की तुम्ही आधी माझ्या तोंडाकडे बघता. मी उठले की म्हणता, 'बेल वाजली वाटतं.' दोन वर्षं चाललंय हे."

कानसेनांनी गिटारकडे बघितलं. मग म्हणाले, "मग गिटार कशाला घेऊ दिलीस? बहिऱ्याला वाजंत्री?"

"तुम्ही दर शनिवारी कुठे गायब होता ते बघायला नको? गेले होते मी दुकानात," ती म्हणाली. "तो दुकानदार म्हणाला, ही पोटाशी धरून वाजवायची, अर्धी कानाने ऐकू येते आणि अर्धी छातीने. म्हटलं घेऊ देत. कान गेले तर गेले, छाती कुठे जातेय?"

कानसेनांनी बराच वेळ नाक ओढलं. मग गिटार मांडीवर घेतली, पोटाशी घट्ट धरली, हनुवटी तिच्या काठावर टेकवली आणि जाड तार मोकळी सोडली. सूर पोटातून निघून हनुवटीपर्यंत आला. त्यांनी पुन्हा सोडली, पुन्हा सोडली. एवढं एकच वाजवता येत होतं, पण माणूस असा खुलला होता की बायकोला हसू आवरेना. दुकान बंद व्हायची वेळ टळून गेली तरी पेटीकडे कुणी बघितलं नाही.

"आता?" त्यांनी विचारलं.

"नाही," बायको म्हणाली. "खरंच नाही."

त्यांनी खात्रीसाठी सासूबाईंकडे बघितलं. त्यांचा हात मांडीवर स्वस्थ होता. कानसेनांनी चादरीवरचा सेल उचलून त्यांच्यापुढे धरला. "आई, हा घ्या तुमचा."

सासूबाईंनी सेलकडे बघितलं, मग जावयाकडे. "राहू द्या, जावईबापू," त्या म्हणाल्या. "तुम्हालाच लागेल आता."

कानसेनांनी तो शर्टाच्या खिशात, निळ्या खडूशेजारी ठेवला.